प्रतिक्रिया

एकूण साठ तास.
कॉलेजच्या कार्डावर सहीचे साठ चौकोन,
आणि पहिल्याच शनिवारी मी हिशेब मांडला होता :
आठवड्याला पाच धरले
तर दिवाळीच्या आत मोकळा.

बोहरी आळीत, खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानावर
हातिमभाईंची खोली.
जिना इतका उभा
की वर पोचेपर्यंत माणूस थोडा नम्र होतोच.
आत खोकी. खोक्यांत चष्मे.
सहकारनगरचे, कोथरूडचे, प्रभात रोडचे,
सोसायट्यांच्या गेटवरच्या डब्यांतून आलेले,
काड्यांत काड्या अडकवून
खेकड्यांसारखे.

"आधी धुवायचे," हातिमभाई म्हणाले.
"कोमट पाणी. साबण कमी.
नाकावरची जागा नीट घास,
तिथं माणूस राहिलेला असतो."

धुतले.
कुणाचं तेल, कुणाची पावडर,
एका काडीला गुंडाळलेला दोरा,
एका डबीत चिठ्ठी :
दूध एक. शेंगदाणे. शरूला फोन.
शरूला फोन झाला की नाही, कळायला मार्ग नव्हता.
चिठ्ठी मी खिशात ठेवली.
का ते विचारू नका,
फॉर्मात त्याला रकाना नव्हता.

मग मशीनवर नंबर बघायला शिकलो.
हिरव्या रेषा जुळेपर्यंत चाक फिरवायचं.
दीड. दोन. अडीच.
आईचा फोन आला तरी म्हणायचो,
थांब, जुळतायत.

दिवाळी कधीच होऊन गेली होती
काशेवाडीत शिबिर लागलं तेव्हा.
माझे सहा तास उरलेले.
समाजमंदिरात सतरंजी, भिंतीवर अक्षरांचा तक्ता,
निम्म्या रांगेला त्याचा उपयोग नाही
म्हणून हातिमभाईंनी आणलेली सुई आणि काळा दोरा.
ओवता आलं की नंबर बरोबर.

कलावतीबाई अवघडे. वय?
"लिही साठ."
मांडीवर अर्धी गोधडी, कारण रिकाम्या हातानं
त्या कुठं बसत नाहीत.
दोनवर दोरा हुकला. सव्वादोनवर हुकला.
मग अडीचचा उघडला, तो चिठ्ठीच्या डबीतला,
तपकिरी, एका काडीचा स्क्रू मी बसवलेला.
दोरा गेला.

मी मोबाइल वर धरला.
अहवालाला फोटो लागतात, आधीचा आणि नंतरचा.
नंतरच्यात हसायचं असतं.
"बाई, इकडे बघा."
बघितलं.
"अगं बया, तू तर पोरगं हाईस.
आवाजावरनं वाटलं, साहेब हाय."
मग त्यांनी खाली मांडीवर बघितलं.

बोट टाक्यावरून टाक्यावर गेलं.
सरळ निघालेली ओळ
नळकोंडाळं चुकवत, खांब चुकवत
वस्तीतल्या रिक्षासारखी कुठल्या कुठं गेलेली.
"हे मी घातलं?"
कुणीच बोललं नाही.
"तीन वर्सं पैसं घेतलं मी लोकांकडनं.
एकानं बी सांगितलं न्हाई."

माझा मोबाइल वरच.
त्यांनी दातांनी गाठ तोडली
आणि उसवायला सुरुवात केली.

रांग थांबली. हातिमभाईंनी रांगेला चहा सांगितला.
मी फॉर्म पुढे ओढला.
नाव. नंबर. लाभार्थीची प्रतिक्रिया.
वरच्या चौदा जणांपुढे 'समाधानी' होतं,
पहिल्यापुढे अक्षरांत, बाकी सगळ्यांना वरीलप्रमाणेच्या खुणा.
इथं पेन थोडा वेळ तसंच राहिलं.
लिहिलं : उसवत आहेत.

मॅडमनी त्याखाली लाल प्रश्नचिन्ह काढलं
आणि सही केली. साठ.

कार्ड आता कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे, आठवत नाही.
शनिवारी जिना चढतो, पाणी कोमट करतो.
परवा कलावतीबाई वर आल्या, धापा टाकत,
गोधडी नाही, हातात मोडकी काडी,
मी बसवलेला स्क्रू पडलेला.
"नीट बसव," म्हणाल्या,
"दिसतंय मला आता."